दक्षिणेला तोंड करून

गाडी आणली त्या दिवशी बाबांनी
बॉनेटवर तळवा ठेवला,
गुरांच्या बाजारात ठेवतात तसा,
आणि म्हणाले, ही श्वास घेत नाही.

चाळीस वर्षं गव्हाचे ट्रक हाकलेला माणूस.
इंजिनाच्या कुरकुरीवरून ज्याला कळायचं
पुढच्या चढाला कुठला गिअर लागणार,
तो आता माझ्या शेजारी बसतो
सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी.
डायलिसिसला जाताना पंचावन्न मैल, येताना पंचावन्न,
आणि मध्ये मोन्टाना, सगळीकडे सारखाच.
त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध धुकं साचलंय.
कडेकडेने थोडा उजेड उरलाय, कुंपणापुरता.

"निदान रेडिओ तरी लाव. गव्हाचा भाव कळू दे."
एएम लागत नाही यात, मी म्हटलं,
मोटरची खरखर आड येते.
"म्हणजे हिचं हिलाच ऐकू येत राहतं,"
म्हणाले, आणि खिडकीकडे वळून बसले.

मग एका मंगळवारी वुल्फ पॉइंटच्या गहाणवटीच्या दुकानातून
बावीस डॉलरला सॅटेलाइट रेडिओ आला,
वायरीच्या गुंत्यासकट.
वॉरंटी विचारली तर डेल्बर्टने नुसती मान हलवली.
तीही बाबांना दिसली नाही.

बसवायचं काम मला करू दिलं नाही.
दाराच्या रबराखालून वायर सरकवत नेली
नखाने, बोटाच्या पेराने,
वासराच्या कानात बिल्ला मारताना
पुटपुटायचे तसं पुटपुटत.
अँटेनाच्या बुडाला लोहचुंबक.
टपावर ठेवला, घसरला.
पुन्हा ठेवला, घसरला.
वर नुसती काच, आणि काचेला चुंबकाचं काय सोयरसुतक?
"मुलूख गारांचा आणि छप्पर काचेचं," बाबा म्हणाले,
"कुणा शहाण्याने बनवलीय?"
आत जाऊन नाताळातला बिस्किटांचा डबा रिकामा केला
आणि त्याचं झाकण चिकटपट्टीने टपावर बसवलं.
टक्.
धरलं.
अडतीस हजारांच्या माझ्या गाडीवर आता एक रेनडिअर आहे.

फोनवरची बाई म्हणाली, गाडी उघड्यावर न्या,
दक्षिणेला आडोसा नको,
पंधरा मिनिटं थांबा, सिग्नल येईल.
उघडं आमच्याकडे रगड.
कोठारापलीकडे, कापलेल्या गव्हाच्या खुंटांत
गाडी उभी केली आणि बसलो दोघं.
बंद करायला इंजिनही नव्हतं.
आई गेल्यापासून आम्ही असे
कुठे पोचायचं नसताना
एकत्र बसलोच नव्हतो.

"कुठे आहे तो?"
वर. बावीस हजार मैलांवर.
"तुला दिसतो?"
नाही.
"कुणालाच?"
कुणालाच नाही.
ते मागे रेलले.
कित्येक महिन्यांनी त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले.
"मग ठीक," म्हणाले. "इथे तरी सगळे सारखेच."

अकराव्या मिनिटाला एक माणूस बोलू लागला,
फ्लोरिडाच्या समुद्रात
हाताशी आलेला मासा कसा निसटला त्याबद्दल.
बाबा खोकला येईपर्यंत हसले.
समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही.
गव्हाचा भाव विचारायचं विसरून गेले.

बुधवारी निघालो. मासेवाला बोलतच होता.
एका शब्दाच्या मध्यावर तो तुटला,
एक, दोन,
आणि पुन्हा सांधला.
"रेल्वेचा पूल," बाबा म्हणाले, समोर बघत.
पुढे कॉटनवुडची झाडी लागली,
आवाज चाळणीतून आल्यासारखा गळू लागला.
"नदी. आता डावीकडे हॉकनसनचं धान्यकोठार."

कोठार पाडलं, मी म्हटलं. दोन वर्षं झाली.

बराच वेळ फक्त टायर वाजत राहिले
आणि तो फ्लोरिडातला.
"सांगायचंस ना," बाबा म्हणाले.
"मी रोज बघत होतो ते."